सदतिसावा पट्टा

माझी बदली माहिती विसर्जन कक्षात झाल्याचं कळलं तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी विचारलं, "म्हणजे आता वर्षभर गणपतीच बुडवणार का तुम्ही?" सव्वीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसानं बदलीच्या हुकमावर विचार करायचा नसतो, सामान उचलायचं असतं. कक्ष म्हणजे कोल्हापुरात ताराबाई पार्कातल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, चार संगणक आणि साहेब म्हणून एकतीस वर्षांची एक मुलगी, केतकी इंगवले. माझं वय सत्तावन्न. पहिल्या दिवशी तिनं मला 'मगदूमकाका' म्हटलं, मी तिला 'मॅडम' म्हटलं, आणि मनातल्या मनात म्हटलं, बघू किती दिवस टिकते ही.

ती टिकली. तिच्याबद्दलच सांगायचं आहे, कारण ती स्वतः कधी सांगायची नाही.

माणसाचा आवाज, चेहरा, हाताची पकड, पायाची चाल, सगळं साठवून ठेवायचे दिवस आले होते. साठवणारे साठवत सुटले होते. मग कायदा आला की ज्याच्या शरीरातून ही माहिती घेतली, त्यानं 'पुसा' म्हटलं की पुसायची. खरंच पुसली की नाही हे बघणारे आम्ही. तोंडानं 'पुसलं' म्हणायला काही लागत नाही, त्यामुळे आम्हाला काम भरपूर होतं.

एका सोमवारी दुपारी एक बाई आल्या. अंगावर कंडक्टरचा खाकी पोशाख, खांद्याला तिकिटाच्या मशीनची पिशवी. नाव स्वप्नाली खोत. कोल्हापूर-गगनबावडा गाडीवर ड्यूटी. खुर्चीवर बसायच्या आधीच त्यांनी टेबलावर कागदांचा गठ्ठा ठेवला.

"सोळा वर्सांमागं एका कंपनीनं माझी चाल घेतलीवती," त्या म्हणाल्या. "पायाला तारा लावून एका हॉलात फिरवलं. म्हणाले, अपंग माणसांना उपयोग हुईल. मी म्हटलं, घ्या. आता परवा पोरीला घेऊन साडी घ्यायला गेले, तर दुकानाच्या काचेत चालत्या बाहुल्या. पोरगी म्हणाली, आई, ती बाहुली तुझ्यागत चालतीया. मी बघितलं. मीच चालत होते की हो, कंबर हलवत, गिऱ्हाइकापुढं. लोक उभारून बघत होते. अपंगांना दिली ती दिली, पण ही बाहुल्यांना कुणी वाटली?"

कंपनीला त्यांनी अकरा महिने पत्रं लिहिली होती. दरवेळी एकच ओळ परत आली होती: सदर फाईल वापरात असल्यामुळे पुसता येत नाही.

"वापरात हाय म्हणूनच पुसा म्हणायलोय न्हवं?" स्वप्नालीबाई म्हणाल्या. केतकी मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी सगळे कागद एकेक करून वाचले.

ही चाल साठवली कशासाठी, तेही सांगायला हवं. चालताना आपण विचार करत नाही. मेंदू फक्त 'चल' आणि 'थांब' एवढंच सांगतो. कुठला स्नायू कधी आवळायचा, कधी सैल सोडायचा, हा ताल पाठीच्या कण्यातली मज्जारज्जू सांभाळते. तिला इजा झाली की पाय शाबूत असूनही ताल जातो. त्यावर उपाय म्हणून कमरेला बांधायचा पट्टा निघाला. पट्टा विजेचे बारीक ठोके देऊन तो ताल पायांच्या नसांना बाहेरून पुरवतो. आधी संगणकानं बनवलेले ताल घालून पाहिले. ते फरशीवर झकास चालले आणि रस्त्यावर पहिल्याच खड्ड्यात आडवे झाले. जिवंत माणूस दर पावलाला शेकडो बारीक दुरुस्त्या करत असतो, त्या कुणाला लिहून काढता येत नाहीत. म्हणून चाल उसनी घ्यावी लागते. तीही कुणाचीही चालत नाही. मांडीच्या हाडाची लांबी, कमरेची रुंदी, वजन, सगळं जुळावं लागतं. पत्रिका जुळवणं त्या मानानं पोरखेळ.

स्वप्नालीबाईंच्या चालीला मागणी होती ती त्यांच्या नोकरीमुळे. गगनबावड्याच्या वळणांवर दोन्ही हातांनी तिकीट फाडत उभं राहायचं म्हणजे पायांना काय काय शिकावं लागतं बघा. ती चाल घातलेला माणूस सहसा पडत नसे. पाय किंचित फाकवून, कशाला न धरता चालायचा, एवढंच.

आम्ही चौकशी केली. दुकानांतल्या बाहुल्या एकशे बारा निघाल्या. मॅडमनी त्या एका दिवसात बंद करवल्या. बाहुली पडली तर कुणाचं डोकं फुटत नाही. पण ती चाल सदतीस पट्ट्यांतही होती. सदतीस माणसं त्या क्षणी स्वप्नालीबाईंची चाल चालत होती.

इथं थोडं यंत्राच्या आत डोकवावं लागेल. फाईल म्हणजे दोन गोष्टी. एक तिचं नाव, जे यादीत असतं. दुसरा तिचा मजकूर, जो साठवणीत कुठंतरी पडलेला असतो. ती आत्ता किती जणांनी उघडून धरली आहे, याचा आकडा यंत्रणा ठेवते. काही यंत्रणांचा नियम असा की एकानं जरी धरली असेल तरी पुसू द्यायची नाही. कंपनीला हा नियम फार सोयीचा होता, कारण कुठला ना कुठला पट्टा कायम चालू असणारच. उलट टोकाचा उपाय म्हणजे कोण वापरतंय ते न बघता मजकूर खरवडून काढायचा. दुसऱ्या एका राज्यात तसं केलं होतं. सकाळी सव्वानऊला नऊ माणसं चालता चालता कोसळली, त्यातलं एक जिन्यावर होतं.

मी म्हटलं, "मॅडम, इकडे आड तिकडे विहीर. वर कळवून मोकळे होऊ."

"तिसरा रस्ता आहे काका," त्या म्हणाल्या. "फार जुना आहे. माझ्या जन्माच्या आधीपासून यंत्रणांमध्ये आहे, फक्त पट्ट्यांसाठी कुणी वापरला नाही."

त्यांनी स्वप्नालीबाईंना पुन्हा बोलावलं आणि समजावून सांगितलं, "असं समजा, स्टँडवरच्या पाटीवरून गाडीचं नाव काढून टाकलं. आता नवा प्रवासी चढणार नाही. पण आत बसलेत ते आपापल्या थांब्यापर्यंत जातील. शेवटचा उतरला की गाडी डेपोत. मग ती गाडी कुणालाच मिळणार नाही."

"घाटात मधीच कुणाला उतरवायचं न्हाई," स्वप्नालीबाई म्हणाल्या. "एवढं तर आम्ही बी पाळतो. बसल्यात त्यांना जाऊ दे. पण नवा एक बी चढवायचा न्हाई."

"लिहून देते."

"लिहून कंपनीनं बी दिलंवतं. तुम्ही तोंडानं सांगा."

"नाही चढवणार," मॅडम म्हणाल्या.

त्या दिवशी कंपनीच्या केंद्रातल्या यादीतून नाव गेलं, चाल उरली ती फक्त चालू पट्ट्यांत. त्यानंतर एखादा पट्टा बंद करून पुन्हा चालू केला, तर तो केंद्राकडे ती चाल नावानं मागायचा आणि उत्तर यायचं, अशी चाल नाही. म्हणजे ज्याचा पट्टा चालू आहे त्याची चाल चालू, एकदा बंद पडला की संपलं. मॅडमनी सदतीसही जणांच्या घरी स्वतः जाऊन हे सांगितलं, आणि एकेकाला दुसरी जुळणारी चाल शोधून द्यायला सुरुवात केली. सोलापूरची एक शिक्षिका, चिपळूणचा एक पोस्टमन, नगरकडचे एक निवृत्त फौजदार. दहा महिने ही मुलगी एस.टी.नं फिरत होती. मी निम्म्या वेळा बरोबर होतो आणि प्रत्येक वेळी कुरकुरत होतो. छत्तीस माणसं दुसऱ्या चालीवर गेली. एकही पडलं नाही. सरकारी खात्यात असं काम होताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं, हे कबूल करतो.

राहिला सदतिसावा. राजाराम चौगुले. उद्यमनगरात, म्हणजे कोल्हापूरच्या कारखान्यांच्या वस्तीत, यांचं दोन लेथचं वर्कशॉप. चार वर्षांपूर्वी साखळी तुटून कास्टिंग पाठीवर पडलं आणि कमरेखालचं सगळं गेलं. पट्टा मिळाल्यावर हा गडी पुन्हा लेथसमोर उभा राहिला. राजाभाऊंचा एक पाय मुळात दोन सेंटिमीटरनं आखूड, त्यात इजा विचित्र जागी. मॅडमनी चाचणीच्या पट्ट्यावर सहाशे अकरा चाली घालून बघितल्या. दोन चालींवर ते कसेबसे उभे राहिले आणि तिसऱ्या पावलाला माझ्या अंगावर आले. स्वप्नालीबाईंच्या चालीशिवाय त्यांना काही लागू पडत नव्हतं.

म्हणून त्यांच्यासाठी आम्ही सूचनांचा तक्ता केला. पट्ट्यात दोन बॅटऱ्या होत्या; एका वेळी एकच बदलायची, म्हणजे पट्टा बंद पडत नाही. आंघोळीला काढायचा, पण बंद करायचा नाही. पावसात झाकायचा. दवाखान्यात मोठ्या मशीनजवळ न्यायचा नाही. अशा बावीस सूचना, जाड अक्षरात, लेथच्या मागच्या भिंतीवर. राजाभाऊंनी त्या काटेकोर पाळल्या. पट्ट्यावरचा हिरवा दिवा एकदाही विझला नाही.

तो विझला खंडेनवमीला.

सकाळी साडेदहाला फोन आला. राजाभाऊंच्या पत्नी वैजयंतावहिनी होत्या. "मॅडम," एवढंच म्हणाल्या आणि मग रडायलाच लागल्या.

आम्ही पोहोचलो तेव्हा वर्कशॉप लखलखत होतं. दोन्ही लेथ धुऊन पुसून तेल लावलेले, त्यांवर हळदकुंकू, झेंडूच्या माळा. खाली पाटावर पाने-पकडी, हातोड्या, मायक्रोमीटर ओळीनं मांडलेले. आणि त्या ओळीच्या शेवटी पट्टा. त्यालाही हळदकुंकू, त्यालाही झेंडूचं फूल. दिवा बंद. राजाभाऊ चाकाच्या खुर्चीत बसले होते आणि भिंतीवरच्या आमच्या तक्त्याकडे बघत होते.

"ह्ये आंघोळीला गेलेले," वहिनी म्हणाल्या. "पट्टा खुर्चीवर होता. सासरे सांगायचे, चालू यंत्राला हळदकुंकू लावायचं न्हाई, आधी त्याला इसावा द्यायचा. दरसालची सवय. लेथ बंद केले, ग्राइंडर बंद केला, त्याच हातानं ह्यो बी बंद केला. कुंकू लावल्यावर ध्यानात आलं."

कुणी त्यांना बोलायचं? सकाळी नऊ वाजता आम्ही आमच्या कचेरीतले चारही संगणक बंद करून त्यांना हळदकुंकू लावून आलो होतो. पेढा मीच वाटला होता. बावीस सूचना लिहिल्या, त्यात भूकंपसुद्धा होता. खंडेनवमी दोघांपैकी एकालाही सुचली नाही. उद्यमनगरातल्या माणसाला यंत्र देताना ज्याला खंडेनवमी आठवत नाही, त्यानं स्वतःला काय म्हणवून घ्यावं?

मॅडमनी एकच प्रश्न विचारला. "वहिनी, त्यानंतर पुन्हा चालू करून बघितलाय कुणी?"

"आज?" वहिनींनी डोळे पुसले. "आज यंत्राला कोण हात लावंल? उद्या दसऱ्याला नारळ फोडल्याबिगर बटण दाबायचं न्हाई."

मॅडम झटकन स्टूल ओढून पट्टा आणि आमच्यामध्ये बसल्या. का ते मला लगेच कळलं. शेवटच्या धरणाऱ्यानं फाईल सोडली की यंत्रणा ती जागा फक्त 'मोकळी' म्हणून नोंदवते. मजकूर तिथंच पडून असतो, वर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. पट्टा चालू होताना पहिल्या काही सेकंदांत त्या जागेवर नव्या नोंदी लिहितो. दुसऱ्या कुठल्याही घरी घाबरून दहादा बटण दाबलं असतं आणि सगळं वाहून गेलं असतं. इथं ज्या रिवाजानं घात केला, त्यानंच राखणही केली होती.

मी पिशवीतून लॅपटॉप काढला. "वीस मिनिटांचं काम. पट्टा चालू न करता चिपमधून मजकूर उचलतो, दुसरं नाव देतो, परत घालतो. राजाभाऊ, दुपारी जेवायला चालत जा."

"काका, थांबा," मॅडम म्हणाल्या.

"का?"

"ती फाईल आता पुसली गेलीय. धरणाऱ्यांचा आकडा शून्य झाला. आता उचलली तर ती नवी फाईल होते. आपण बाईंना काय सांगितलं होतं? शेवटचा उतरला की गाडी डेपोत."

"हा उतरला नाही, ह्याला ढकललंय."

"म्हणूनच त्यांना विचारायला जायचं."

"आणि त्या नाही म्हणाल्या तर?"

"तर नाही."

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "मॅडम, कायदा पाळायला तुमच्यापुढं अख्खं आयुष्य पडलंय. हा माणूस उद्यापासून उठणार नाही. कुणाला कळणार आहे?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागावल्या नव्हत्या, आणि त्यामुळेच मला जास्त लागलं. "त्या कंपनीकडेसुद्धा चांगलंच कारण होतं काका. सदतीस माणसं चालत होती. आपण आज गुपचूप काढली तर आपल्यात आणि त्यांच्यात फरक काय?"

राजाभाऊंनी खुर्ची पुढं घेतली. "मगदूमसाहेब," ते म्हणाले, "ती पेटी मिटा. मॅडम, ज्यांची चाल हाय त्यांना माझं नाव सांगितलं तरी चालंल. इचारून या."

गगनबावड्याहून गाडी चारला येणार होती. आम्ही तीनपासून स्टँडवर बाकड्यावर बसलो. मॅडमनी शेंगा घेतल्या आणि एकही सोलली नाही. गाडी वीस मिनिटं उशिरा आली. सगळे प्रवासी उतरल्यावर स्वप्नालीबाई उतरल्या, आम्हाला बघून थबकल्या.

मॅडमनी त्यांना सगळं सांगितलं. पट्टा कुणाचा, कसा बंद पडला, चाल अजून चिपमध्ये आहे, लॅपटॉपवर वीस मिनिटांत काढता येते, कुणाला कधीच कळलं नसतं. हे शेवटचं सांगायची काही गरज नव्हती. मी बूट बघत उभा राहिलो.

"मग का न्हाई काढली?" स्वप्नालीबाईंनी विचारलं.

"तुमची आहे."

बाईंनी पिशवीचा बंद नीट केला. मग म्हणाल्या, "ती काढू नका. पूस म्हटलं ते पुसाच. पार खरवडून, माझ्यासमोर."

आता या बाईशी भांडायचं की पाया पडायचं, एवढाच विचार मी करत होतो.

"आता तुम्ही असं का करतायसा?" त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. "त्या माणसाला चालायला चाल पायजे न्हवं? मग जुनी फाईल कशाला उकरतायसा? मी जित्ती हाय की हितं तुमच्यापुढं. मी चालून दाखवतो त्येंच्यासमोर. त्येंच्या पट्ट्यात घाला."

कोल्हापूरची बाई, 'दाखवते' नाही, 'चालून दाखवतो' म्हणाली, आणि मला एकदम हायसं वाटलं. सहाशे अकरा चाली धुंडाळल्या आम्ही. जिची चाल जुळत होती तिलाच पुन्हा विचारावं, हे दोन शहाण्या माणसांना दहा महिन्यांत सुचलं नव्हतं. आमच्या नियमात लिहिलं होतं, अर्जदारास पुन्हा त्रास देऊ नये. नियम आम्ही अगदी मनापासून पाळला होता.

त्यांनी अटी घातल्या. चाल फक्त त्या एका पट्ट्यात राहील, कचेरीत नक्कल राहणार नाही. त्या 'बंद करा' म्हणतील त्या दिवशी राजाभाऊ स्वतः बटण दाबतील. आणि आधी जुनी पुसायची, मग नवी घ्यायची.

तिसऱ्या अटीवर मॅडम थांबल्या. "एक सांगायला हवं. सोळा वर्षांत तुमचं शरीर बदललंय. नवी चाल त्यांना जुळेलच असं नाही. जुनी आधी पुसली आणि नवी जुळली नाही, तर त्यांच्याकडे काहीच उरणार नाही."

"माझी अट तीच हाय," बाई म्हणाल्या. "जुनी मागं ठेवली की ती कुणाच्या तरी हाताला लागती. एकदा बघितलंय मी. पण पाय त्येंचे हायत. त्येंना इचारा."

मॅडमनी तिथूनच फोन लावला आणि काही न वगळता सगळं सांगितलं.

"आधी त्येंचं पुसा," राजाभाऊ म्हणाले.

दसऱ्याला सकाळी साडेसातला बाई वर्कशॉपवर हजर. दहाला ड्यूटी होती, म्हणून खाकीतच. वहिनींनी नारळ फोडला, खोबरं वाटलं. मॅडमनी पाटावरचा पट्टा उचलला, त्यावरचं फूल काढून वहिनींच्या हातात दिलं आणि तार जोडली. चिपवर पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत शून्यं लिहायची होती. अकरा मिनिटं लागली. स्वप्नालीबाई पडद्यावर सरकणारी रेघ बघत होत्या. राजाभाऊ बघत नव्हते. वहिनी लेथला टेकून उभ्या होत्या आणि त्यांच्या बोटांना फुलाचं पिवळं लागलं होतं. रेघ पूर्ण झाल्यावर मॅडम म्हणाल्या, "गेली."

"गेली?" बाईंनी विचारलं.

"आता मलासुद्धा काढता यायची नाही."

बाईंनी मान हलवली आणि पायातल्या चपला काढल्या. मॅडमनी त्यांच्या कमरेला, गुडघ्यांना, घोट्यांना संवेदक बांधले. दारापासून ग्राइंडरपर्यंत, मग बाहेरच्या गल्लीत, मग शेजारच्या दोन पायऱ्या, पुन्हा आत. चाळीस फेऱ्या. शेजारच्या वर्कशॉपची माणसं टिळे लावून दारात उभी राहिली, पण कुणी फिदीफिदी हसलं नाही. बाई मान वर करून चालत होत्या. मी कागदावर फेऱ्या मोजत होतो. तिसाव्या फेरीला मला वाटलं, ही जी बाई काचेतल्या बाहुलीमुळे पेटून उठली होती, तीच आज भर गल्लीत चालते आहे, आणि आज तिला कुणी चालवत नाही.

साडेआठला चाल पट्ट्यात गेली. वहिनींनी तो राजाभाऊंच्या कमरेला बांधला. दिवा हिरवा झाला.

ते लेथ धरून उठले. पहिलं पाऊल टाकलं आणि गुडघा दुमडून खुर्चीत बसले. मॅडमनी काहीतरी आकडे बदलले. दुसऱ्यांदा दोन पावलं पडली, तिसऱ्याला ते हेलकावले, मी आणि वहिनींनी दोन्हीकडून धरलं. वहिनी देवाचं नाव घेत होत्या. मी मनातल्या मनात बाईंना, मॅडमना आणि स्वतःला शिव्या घालत होतो.

"आखूड पायाचा हिशेब मी जुन्या चालीचाच धरला होता," मॅडम पुटपुटल्या. "थांबा."

दोन-तीन मिनिटं गेली असतील.

तिसऱ्यांदा राजाभाऊ उठले. लेथ सोडला. एक पाऊल, दुसरं, तिसरं. चौथ्याला मी हात पुढं केला, तो त्यांनी बाजूला सारला. लेथपासून ग्राइंडर, ग्राइंडरपासून दार. उंबऱ्याशी थांबले, वळले, परत लेथपर्यंत आले. वहिनी खाली बसून हुंदके देत होत्या. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. केतकी मॅडम तोंडाला हात लावून उभ्या होत्या. या मुलीनं वाट धरली होती म्हणून हे दिसलं. माझ्या लॅपटॉपनं दिसलं नसतं. तसं मी तिला त्याच दिवशी सांगितलं, आणि ती म्हणाली, "काका, वायर आवरा."

राजाभाऊ पुन्हा दारापर्यंत गेले. या वेळी सावकाश, खाली पायांकडे बघत. मग स्वप्नालीबाईंसमोर येऊन उभे राहिले.

"बाई, एक इचारू?"

"इचारा की."

"तुमचा डावा गुडघा दुखतोय न्हवं?"

बाईंचा हात गुडघ्यावर गेला. डेपोत सांगितलं नव्हतं, घरी सांगितलं नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"दोन वर्सं झाली," त्या हळूच म्हणाल्या. "तुमाला बी दुखायला लागला का काय?"

"मला कमरंखाली काय कळतंय? पण पट्टा डावा पाय जपून टाकतोय. उजव्यावर भार घेतोय." त्यांनी आखडतं पाऊल टाकत लेथजवळचं स्टूल उचललं, स्वतःच्या पायांनी बाईंपर्यंत आणलं आणि खाली ठेवलं. "चाळीस फेऱ्या मारलासा तसल्या पायावर. बसा आदी."

बाईंनी घड्याळ बघितलं. ड्यूटीला अजून वेळ होता. त्या बसल्या.